तीन दिवसांचे साधू

त्या बांधकामावर साडेतीनशे माणसं राबत होती, पण वरचेकाकांना जवळून पाहिलेली फार तर दहा-बारा असतील. बाकीच्यांना ते माहीत होते ते वॉकीटॉकीतल्या आवाजावरून, आणि तो आवाज बहुतेक वेळा कुणाची तरी खरडपट्टी काढत असायचा. काका उंच क्रेनचे चालक. सकाळी सातला शिडी चढायची, एकशे ऐंशी पायऱ्यांवरच्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसायचं आणि संध्याकाळी पाचला उतरायचं. मधल्या दहा तासांत त्यांचे फक्त दोन हात आणि एक तोंड हलायचं. तोंड जरा जास्तच.

'वरचेकाका' हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं. काकूंना मात्र ते बिलकूल पसंत नव्हतं. एकदा त्यांनी बांधकामावर फोन केला, तर नव्याने लागलेल्या कारकुनाने अदबीने सांगितलं, "काका वर गेले." काकू मटकन खाली बसल्या. शेजारीण पाणी घेऊन धावली. संध्याकाळी काका घरी आले तेव्हा दारातच त्यांची अशी काही कानउघाडणी झाली, की ज्याने हे वाक्य उच्चारलं तो बाजूलाच राहिला.

काका कामात बापमाणूस होते, यात वादच नाही. दोन टनांची सळ्यांची मोळी ते टेबलावर कप ठेवावा तशी अलगद उतरवत. वीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाच्या बोटाला ओरखडा उठला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. खाली उभं राहून हाताने खुणा करणाऱ्या सिग्नलवाल्यांना ते खिजगणतीतही धरत नसत. "अरे, मला वरून सगळं दिसतंय, तू नुसता हात हलव," असं म्हणायचे.

पण एकशे ऐंशी पायऱ्या म्हणजे गंमत नव्हे. एकदा चढलेला माणूस संध्याकाळपर्यंत उतरायचं नाव काढत नाही. म्हणून क्रेनवाल्यांनी आपापले मार्ग शोधले होते. डबा दोरीला बांधलेल्या बादलीतून वर यायचा. पाणी शक्यतो प्यायचंच नाही, कारण प्यायलेलं पाणी बाहेरही काढावं लागतं. त्याऐवजी थर्मासभर चहा घोट घोट पुरवायचा, चार चमचे साखरेचा, आणि कंटाळा आला की बिस्किटं. काकांच्या सीटखाली बिस्किटांचा एवढा साठा असायचा की पूर आला असता तर त्यांचा महिना निघाला असता. घरी आल्यावर भुकेने जीव कासावीस झालेला. मग ताटभर जेवायचं आणि तसंच आडवं व्हायचं. वीस वर्षांत कमरेचा पट्टा तीनदा बदलला. काका म्हणायचे, हल्ली पट्टे आखूड बनवतात.

वर्षातून एकदा कंपनीची डॉक्टरी तपासणी असे. 'कामास योग्य' असा शिक्का पडला तरच केबिनमध्ये बसता येई. त्यावरही क्रेनवाल्यांकडे उपाय होता, आणि त्याला ते म्हणत 'साधू होणं'. तपासणीच्या आधी तीन दिवस साधू व्हायचं. साखर बंद, मीठ बंद, काकडी आणि पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर अर्धा तास डोळे मिटून बसायचं, म्हणजे प्रेशर खाली येतं. एक जण तर मेव्हण्याची प्रेशरची गोळी चोरून घ्यायचा. शिक्का पडला की सगळे साधू मिळून समोरच्या हॉटेलात शिरत आणि तीन दिवसांची कसर तासाभरात भरून काढत. त्या तासाची काका वर्षभर वाट बघत.

ही विद्या त्यांना शिकवली ती थोरल्या भावाने. दादाही क्रेनवालेच. काकांना धरून पहिल्यांदा शिडी चढवली ती त्यांनीच. चार वर्षांपूर्वी दादांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. त्याच्या तेवीसच दिवस आधी त्यांच्या कागदावर 'कामास योग्य' असा स्वच्छ निळा शिक्का पडला होता. लोक म्हणाले, नशीब. काकाही म्हणाले, नशीब. डॉक्टरांनी पास केलेल्या माणसाला असं होतं, म्हणजे दुसरं काय म्हणायचं? दादांची मुलगी, जिला घरीदारी सगळे बारकी म्हणत, तेव्हा चोवीस वर्षांची होती. घर चालवायला कुणीतरी हवं होतं. काकांनी तिला क्रेन शिकवली, हाताला धरून, आणि पहिल्या तपासणीच्या वेळी साधू व्हायलाही शिकवलं.

यंदा तपासणीला जुने डॉक्टर नव्हते. त्यांच्या जागी एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. काका तीन दिवस काकडी खाऊन, डोळे मिटून, शांत चेहऱ्याने आत गेले. बाईंनी प्रेशर घेतलं. थोडा वेळ गेल्यावर पुन्हा घेतलं. मग रक्त काढलं आणि म्हणाल्या, "यातून आजची साखर नाही, गेल्या तीन महिन्यांची सरासरी कळते."

काकांनी बोटांवर महिने मोजले. तीन महिन्यांचं साधूपण त्यांनी कधी केलं नव्हतं.

मग बाईंनी त्यांना आडवं केलं. मांडीला एक पट्टा बांधला आणि पेनासारखं काहीतरी मानेला टेकवलं. पडद्यावर रेघा नाचल्या.

"तुमचं वय?"

"एकोणपन्नास."

"रक्तवाहिन्यांचं अडुसष्ट दिसतंय."

"मशीन नवीन आहे ना," काका म्हणाले, "शिकेल हळूहळू."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि समजावून सांगितलं. हृदय दर ठोक्याला रक्त ढकलतं. चांगली रक्तवाहिनी त्या धक्क्याबरोबर थोडी फुगते, धक्का पोटात घेते आणि परत मूळ जागेवर येते, नव्या मोज्याच्या इलॅस्टिकसारखी. ती ताठ झाली की धक्का तसाच पुढे धावतो आणि मेंदूत, मूत्रपिंडात जाऊन आदळतो. हे मशीन त्या धावण्याचा वेग मोजतं. काकांचा वेग होता सेकंदाला अकरा मीटरच्या वर. त्यांच्या वयाला तो आठाच्या आसपास हवा होता.

"पण ताठ होते कशाने?"

"वय होतंच म्हणा. पण तुमच्याकडे इतरही बरंच आहे. रक्तात साखर जास्त राहिली की ती वाहिनीच्या भिंतीतल्या ताणणाऱ्या धाग्यांना चिकटते. धागे एकमेकांत जखडतात, मग ताणले जात नाहीत. पोटाची चरबी, वाढलेलं प्रेशर, दिवसभराचं बसणं, सगळं त्यात भर घालतं. आणि हे तीन दिवसांत होत नाही काका, वर्षानुवर्षं होतं. त्यामुळे तीन दिवसांत लपतही नाही."

त्या शेवटच्या वाक्याला काकांनी खाली पाहिलं. मग वाद घालायचा म्हणून ते बोलून गेले, "माझा भाऊ तर पास झाला होता. तेवीस दिवस आधी. त्याला झटका आला तो काय साखरेने?"

बाईंनी कागदावरून मान वर केली. "तेही आधी तीन दिवस काकडी खाऊन आले होते का?"

वीस वर्षं ज्यांचं तोंड मिटलं नव्हतं, ते काका सदऱ्याची बटणं लावत बसले. एक बटण चुकीच्या काजात गेलं ते तसंच राहिलं.

दोन दिवसांनी रक्ताचा निकाल आला. साखरेची सरासरी आठ टक्क्यांच्या पुढे, हवी होती सहाच्या आत; प्रेशर एकशे अडुसष्ट. बाईंनी स्पष्ट सांगितलं, मशीनवरून त्या कुणाला नापास करत नाहीत, पण या दोन आकड्यांवर करावं लागतं. सहा महिने केबिन बंद. गोळ्या सुरू. "आणि ताठपणा थोडा मागे फिरतो," त्या म्हणाल्या, "सगळा नाही. पण फिरतो. मी पाहिलंय."

काकांच्या जागी केबिनमध्ये बसायला शेजारच्या बांधकामावरून बारकीला आणलं. आणि काकांना काम मिळालं खाली, हाताने खुणा करण्याचं.

पहिला आठवडा काकांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. ज्या सिग्नलवाल्यांना त्यांनी वीस वर्षं हिणवलं, ते सगळे मोठ्या आदराने त्यांना पिवळं जाकीट चढवायला आले. त्या आदरापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. मोळी बांधायला इकडे जा, ती उतरवून घ्यायला पार तिकडे जा. जिना चढा, जिना उतरा. संध्याकाळी पायाला फोड. काकूंनी मिठाच्या कोमट पाण्याचं घमेलं पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "वीस वर्षांत तुमचे पाय मला पहिल्यांदाच दिसतायत. पोटाखाली होते, दिसत नव्हते." त्या तशाच होत्या. दुसऱ्या दिवसापासून काका निघताना त्याही कोपऱ्यापर्यंत चालत यायला लागल्या. वाटेत बोलायच्या काहीच नाहीत. नुसत्या चालायच्या.

चहातली साखर गेली. पहिला बिनसाखरेचा घोट घेऊन काकांनी कपाकडे असं पाहिलं, की जणू त्याने भर चौकात त्यांची लाज काढली होती. पाणी मात्र भरपूर पिऊन व्हायला लागलं, कारण खाली त्याची सोय होती. त्यांच्या लक्षात आलं की दुपारी चारला जे डोकं हटकून ठणकायचं, ते ठणकत नाही. इतकी वर्षं ते उन्हाला दोष देत आले होते.

सगळं काही सरळ झालं असं नाही. तिसऱ्या महिन्यात बारकीने वॉकीटॉकीवर सगळ्यांदेखत त्यांना सुनावलं, "काका, मला वरून सगळं दिसतंय, तुम्ही नुसता हात हलवा." त्यांचंच वाक्य, शब्द न शब्द. साडेतीनशे माणसं हसली. काका तडक कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले आणि गोड पावांचं अख्खं पाकीट फस्त करून आले. मग चार दिवस तेच. काकूंना खिशात चुरा सापडला. त्या रागावल्या नाहीत, रडल्या. "दादांना घास भरवतात तसा मी तुम्हाला भरवू शकेन," त्या म्हणाल्या, "पण मला भरवायचं नाहीये." काका त्या दिवसापासून बेकरीच्या समोरच्या फुटपाथने जायला लागले.

सहा महिन्यांनी, एका सोमवारी सकाळी, काका काकडीबिकडी काही न खाता, रोजचंच जेवून-खाऊन, दवाखान्यात गेले. पायरीवर बसले नाहीत. आडवे झाले, पेन मानेला टेकलं, रेघा नाचल्या. वजन नऊ किलो कमी. प्रेशर एकशे बत्तीस. रक्ताचा निकाल बाईंनी त्याच दिवशी मागवून घेतला, साखरेची सरासरी साडेसहा. आणि वेग अकरा पूर्णांक चारवरून दहा पूर्णांक दोन.

"साठ," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या. "अजून चालायचंय. गोळ्याही चालू ठेवायच्या. पण अडुसष्टवरून साठ."

एकोणपन्नास वर्षांच्या माणसाला कुणी साठ म्हटल्यावर इतका आनंद झाल्याचं उदाहरण दुसरं नसेल. शिक्क्याचा कागद छातीशी धरून काका बांधकामावर परतले. आता हा साहेबांच्या टेबलावर ठेवायचा, की उद्यापासून केबिन पुन्हा आपली. पाय जमिनीवर ठरत नव्हते.

ऑफिसच्या वाटेवर चहाची टपरी होती. जोराच्या वाऱ्यामुळे सकाळभर क्रेन थांबवली होती, म्हणून बारकी तिथे खालीच उभी होती. टपरीवाल्याने पुढे केलेला कप तिने हाताने मागे सारला. तिच्या दुसऱ्या हातात काकड्यांची पिशवी होती.

काका थबकले. "तपासणी कधी?"

"गुरुवारी." तिने पिशवी उचलून दाखवली आणि हसली. "साधू झालेय."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. सहा महिने ते तिला खालून पाहत होते, काचेमागचा एक ठिपका म्हणून. चेहरा सुजट दिसत होता. पूर्वी ती दोन-दोन पायऱ्या गाळून चढायची. काही दिवसांपासून दुपारच्या वेळी वॉकीटॉकीवर म्हणायची, जरा थांबा, डोकं ठणकतंय. दादांची मुलगी, दादांसारखंच कपाळ, दादांसारखंच ताटभर जेवण.

"बारके, हे करू नकोस. आहेस तशी जा."

"का?"

"कारण खोटं पास होऊन काही मिळत नाही. तुझे बाबा..."

"काका," तिचा आवाज एकदम बदलला, "तुमच्या हातात काय आहे?"

काकांनी कागदाकडे पाहिलं.

"कळलं," ती म्हणाली. "केबिन एक आहे. तुम्ही पास झालात. आता मी नापास झाले की तुमचं काम फत्ते. तुम्हीच शिकवलं होतंत मला साधू व्हायला. तेव्हा नाही आठवलं हे सगळं?"

ते काकांच्या जिव्हारी लागलं. सगळ्यात वाईट म्हणजे तिचं म्हणणं बाहेरून अगदी बरोबर दिसत होतं. पूर्वीचे काका असते तर त्यांनी अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा आवाज चढवला असता. त्यांनी कागदाची घडी घातली आणि तिच्या जाकिटाच्या खिशात कोंबली.

"हा तुझ्याकडे ठेव. साहेबांना मी काही सांगत नाही. गुरुवारी तपासून ये. मग द्यायचा तर दे, फाडायचा तर फाड. मला खाली काम आहे." एवढं बोलून ते सळ्यांच्या मोळीकडे चालायला लागले. चार पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "तुझ्या बाबांचं जे झालं त्याला मी चार वर्षं नशीब म्हणत आलो. नशीब नव्हतं ते. मला आता माहीत आहे. तुला एकदा शिकवलं ते शिकवलं, आता दुसऱ्यांदा माझ्याच्याने नाही बघवणार."

ती शिडीकडे गेली. सोमवारची संध्याकाळ तशीच गेली. वॉकीटॉकीवर डावीकडे, उजवीकडे, हळू, एवढेच शब्द. दुपारी बादलीतून वर गेल्या होत्या त्या नुसत्या काकड्या.

मंगळवारी दुपारी एक वाजता काका दोरीजवळ आले. बादलीत काकड्यांची पिशवी टाकली. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली.

"काका."

"बोल."

"माझा डबा टपरीच्या बाकावर आहे. रोजचा. तो पाठवा." मग थोड्या वेळाने, "पाण्याची बाटली पण."

काकांनी डबा बादलीत ठेवला, बाटली ठेवली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि बादली वर चढवली. दोर ओढताना त्यांना दिसेनासं झालं. आजूबाजूच्या लोकांना त्यांनी सांगितलं की सिमेंट डोळ्यात गेलं.

गुरुवारी सकाळी क्रेन बंद होती. काका दवाखान्याच्या समोरच्या कट्ट्यावर बसले. वीस वर्षांत स्वतःच्या तपासणीला त्यांची कधी एवढी पाचावर धारण बसली नव्हती. ती नापास झाली तर? दादांच्या घरची चूल तिच्या पगारावर होती. आपण सांगितलं म्हणून ती उपाशी राहिली नाही, आणि आपल्यामुळेच तिची केबिन गेली तर दादांना कोणत्या तोंडाने भेटायचं? डॉक्टरीणबाई बरोबर होत्या, त्यांचं मशीन बरोबर होतं, पण हा प्रश्न मशीनला विचारता येत नव्हता.

दुपारी बाराला रक्ताचा निकाल आला आणि ती बाहेर पडली. हातात दोन कागद होते.

"पास," ती म्हणाली. "खरी पास."

काकांनी कट्ट्यावर सरकून तिला जागा करून दिली.

"प्रेशर काठावर आहे. साखर पण काठावर. रक्तवाहिन्यांचं वय चौतीस निघालं." ती त्यांच्या शेजारी बसली. "सहा वर्षं जास्त आहेत काका. अठ्ठाविसाव्या वर्षी. त्या म्हणाल्या, असंच बसून राहिलीस तर बाबांच्या वाटेने जाशील. आणि म्हणाल्या, आत्ता वेळ आहे, या वयात पटकन मागे फिरतं." तिने कागदाची घडी सरळ केली. "मी साधू होऊन गेले असते तर काठ कळलाच नसता."

काकांनी तिचा कागद घेऊन काठावरचे आकडे पुन्हा वाचले आणि परत दिला.

"मी साहेबांकडे दोन्ही कागद देणार आहे. एकावर एक ठेवून. अर्धा दिवस तुम्ही वर, अर्धा दिवस मी. बाईंनी लिहूनच दिलंय, दोघांनाही दिवसभर बसायला मनाई. साहेबांनी आरडाओरडा केला तर तुम्ही आहातच, तुमचा आवाज मोठा आहे." मग तिने डोळे बारीक केले. "खाली मला फार हिंडवू नका पण."

"हिंडवणार," काका म्हणाले. "चांगली हिंडवणार."

ती ऑफिसकडे गेली. काकांनी फोन काढला आणि दादांच्या घरी लावला. वहिनींनी उचलून दादांच्या कानाला लावला. दादांचा श्वास ऐकू येत होता. बोलायला त्यांना वेळ लागत असे, म्हणून त्यांच्याशी फोनवर बोलायचं सगळे टाळत, काकाही टाळत.

"दादा, बारकी पास झाली."

मग एकेक शब्द, ओढून काढल्यासारखा.

"ती... तीन दिवस... केलं?"

चार वर्षांत दादांनी त्या गोष्टीचा कधी उल्लेख केला नव्हता. काकांना वाटत होतं, हे कळलेले आपण पहिले.

"नाही दादा," ते म्हणाले. "जेवूनखाऊन गेली. आहे तशी गेली."

पलीकडून हुंदका आला. वहिनी घाबरून विचारत होत्या, काय झालं, काय झालं, आणि दादा जड जिभेने, पण स्पष्ट, त्यांना सांगत होते, "पास. पास झाली."